कुंडीतले पाणी नेमके कुठे अडते?

वाचकांचे प्रश्न : घरची बाग

पावसाळ्याच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते : माती ओली आहे, तरीही झाड सुकते आहे. या वेळी बेळगाव, चिकोडी, खानापूर आणि निपाणी अशा चारही ठिकाणांहून तीच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली, म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत. मूळ कारण पहिल्या उत्तरात सविस्तर दिले आहे. इतर वाचकांनी आपले उत्तर वाचण्यापूर्वी कृपया ते वाचावे.

प्रश्न : आमच्या गॅलरीत बारा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत तांबडी जास्वंद आहे. मेअखेरपर्यंत तिला रोज फुले येत असत आणि यंदा गणपतीला घरचीच फुले वाहता येतील अशी आशा होती. जुलैपासून मात्र खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि शेंडे माना टाकू लागले. झाडाला पाणी कमी पडत असावे असे समजून सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्यास सुरुवात केली, परंतु झाड अधिकच मलूल झाले. कुंडीच्या तळाला भोक आहे, त्यावर दोन इंच खडीचा थर आहे आणि खाली बशी ठेवलेली आहे. निचरा सुधारण्यासाठी आणखी खडी घालावी का? (एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आणखी खडी घालू नये, जी आहे तीही काढून टाकावी लागणार आहे. आज फक्त दोन गोष्टी कराव्यात. पाणी घालणे पूर्ण थांबवावे आणि कुंडीखालची बशी काढून कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर अशी ठेवावी, की तळाचे भोक मोकळे राहील.

सासूबाईंना दोष देण्याचे कारण नाही. तहानलेले झाड आणि पाण्यात बुडालेले झाड सुरुवातीला सारखेच दिसते, कारण दोन्ही वेळा पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. पहिल्या झाडाच्या मातीत पाणीच नसते. दुसऱ्याच्या मातीत पाणी भरपूर असते, पण ते ओढून घेणारी मुळे निकामी झालेली असतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत जी हवा असते तिच्यातला प्राणवायू त्या कामी येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांची टोके आधी मरतात, आणि मग ओल्या मातीत वाढणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या रोगकारकांना आयतीच संधी मिळते. हे दोन प्रकार ओळखण्याची सोपी खूण अशी, की तहानलेल्या झाडाची कुंडी उचलायला हलकी लागते, पाने कोरडी होऊन कुरकुरीत होतात आणि पाणी घातल्यावर काही तासांत झाड ताठ होते. बुडालेल्या झाडाची कुंडी जड असते, पाने पिवळी व लिबलिबीत होऊन गळतात आणि रात्रभराच्या गारव्यानंतरही सकाळी झाड सावरलेले दिसत नाही. आपण वर्णन केलेली जास्वंद दुसऱ्या प्रकारातली आहे.

आता खडीविषयी. तळाला खडी, खापऱ्या किंवा विटांचे मोठे तुकडे घातले म्हणजे निचरा चांगला होतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि अनेक रोपवाटिकांतही तसेच सांगितले जाते. मला हा सल्ला पटत नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. कुंडीतले सगळे पाणी वजनाने खाली उतरते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात, आणि पोकळी जितकी बारीक तितकी तिची पकड घट्ट असते. एक मिलिमीटर रुंदीची पोकळी सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचे पाणी पेलून धरते, तर एक दशांश मिलिमीटरची पोकळी सुमारे तीस सेंटिमीटरचे. तीस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ आपल्या कुंडीची उंची. त्यामुळे बारीक, पिठूळ मातीने भरलेल्या कुंडीच्या तळाला कितीही मोठे भोक असले, तरी तळाजवळच्या मातीतले बरेचसे पाणी आपण होऊन बाहेर पडत नाही. ते तिथेच अडून राहते आणि नेमकी तिथेच मुळांची सर्वाधिक गर्दी असते.

खडी घातल्याने हा ओला थर नाहीसा होत नाही. बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच ते थेंबाथेंबाने खाली येऊ लागते. म्हणजे जो चिखल पूर्वी कुंडीच्या बुडाशी होता, तो आता दोन इंच वर, खडीच्या माथ्यावर आला, आणि मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर जागा तेवढ्याने कमी झाली.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज घेऊन तो पाण्यात पूर्ण भिजवावा आणि आडवा, सपाट धरून त्यातून ठिबकणारे पाणी थांबेपर्यंत वाट पाहावी. ठिबकणे थांबल्यावर तोच स्पंज न पिळता लांबट बाजूवर उभा धरावा. लगेच आणखी पाणी गळू लागते, आणि तेही थांबल्यावर खालच्या टोकाला स्पंज गच्च ओला, तर वरच्या टोकाला नुसता दमट लागतो. खालचा ओला पट्टा दोन्ही वेळा जवळजवळ तेवढ्याच उंचीचा असतो. उभ्या स्पंजात त्याच्या वरची जागा जास्त असते, एवढाच फरक. कुंडीतही हेच घडते. म्हणून उथळ, पसरट कुंडीपेक्षा उभट कुंडीत मुळांना हवेशीर जागा अधिक मिळते, आणि ओल्या थराची उंची कमी करायची असेल तर पोकळ्या मोठ्या करण्याला, म्हणजे मातीचे मिश्रणच बदलण्याला, पर्याय राहत नाही.

आपल्या झाडाची मुळे कोणत्या अवस्थेत आहेत ते आता पाहावे लागेल. कुंडी आडवी करून तिच्या बाजू हाताने दाबाव्यात आणि खोडाला हिसका न देता मातीचा गोळा सरकवून बाहेर काढावा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी, टणक असते आणि वाकवले तर लवचीक लागते. कुजलेले मूळ गडद तपकिरी वा काळपट होते. चिमटीत धरून हलके ओढले, तर त्याची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत नुसता दोऱ्याएवढा धागा उरतो. मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिथे बराच काळ हवा पोहोचलेली नाही असे समजावे. कुजलेली सर्व मुळे स्वच्छ, धारदार कात्रीने टणक भागापर्यंत कापावीत. मुळे जितकी कमी झाली असतील, त्या मानाने वरच्या फांद्याही छाटाव्यात. उरलेल्या थोड्या मुळांवर पूर्वीच्या सर्व पानांचा भार टाकला, तर झाड तग धरत नाही. छाटलेल्या फांद्यांपैकी निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन फांद्या वेगळ्या लावून ठेवाव्यात. जास्वंद फांदीपासून सहज येते, आणि मूळ झाड वाचले नाही तरी त्याचा वाण घरात राहील.

मिश्रणासाठी बेळगाव परिसरातली तांबडी माती वाईट नाही. आपल्या पश्चिमेकडच्या जांभ्यातून झालेल्या या मातीतली चिकण काळ्या मातीइतकी फुगत नाही. अडचण येते ती तिच्यातल्या भुकटीमुळे. म्हणून माती वाळवून, ढेकळे फोडून खिडकीच्या मच्छरजाळीतून चाळावी, आणि सवयीच्या उलट, जाळीतून खाली पडते ती भुकटी बाजूला काढून जाळीवर राहते ती रवाळ माती वापरावी. अशी माती दोन भाग, विटांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, हे प्रमाण आपल्याकडच्या पावसाला मानवते. विटांचे तुकडे साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे असावेत आणि त्यांचीही भुकटी चाळून टाकावी. जुन्या भिंतीच्या विटा वापरायच्या असतील, तर त्यांना चिकटलेला चुना किंवा सिमेंट पूर्ण खरवडून काढावे. चुन्याने माती अल्कधर्मी होते, तीत जास्वंदीला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मग पाण्यामुळे आलेला पिवळेपणा कोणता आणि चुन्यामुळे आलेला कोणता, हेच कळेनासे होते. कोकोपीट पाणी फार धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात भरायच्या कुंडीत ते टाळलेले बरे. भाताची गिरणी जवळ असेल, तर जळके तूस एका भागापर्यंत घालता येईल. कच्चे तूस मात्र कुजताना मातीतले नत्र ओढून घेते.

कुंडी पूर्वीपेक्षा मोठी घेऊ नये. मुळे कमी झालेली असताना मोठ्या कुंडीतली बरीच माती मुळांविना ओली राहते, त्यामुळे आपल्या झाडाला आठ किंवा दहा इंची कुंडी पुरेल. भोकावर फक्त जाळीचा एक तुकडा ठेवावा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्याचसाठी, आणि त्यावर थेट मिश्रण भरावे. मिश्रण ठोकून दाबू नये. कुंडी जमिनीवर दोन-तीनदा हलके आपटली तरी ते पुरेसे बसते. लावून झाल्यावर भोकातून पाणी वाहेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. झाऱ्याने ओतलेले पाणी मिनिटाभरात खालून बाहेर येऊ लागले पाहिजे. ते वर साचून राहत असेल, तर मिश्रणात अजून भुकटी आहे असे समजावे आणि आळस न करता ते पुन्हा चाळावे.

यानंतर झाड तीन-चार आठवडे उजेडात, परंतु थेट उन्हाबाहेर ठेवावे. पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. नवा कोंब फुटणे हीच सुधारणेची खूण. तोपर्यंत कोणतेही खत देऊ नये, कारण जखमी मुळांना खतातले क्षार सोसत नाहीत. पाणी कधी घालावे हे दिवस मोजून ठरवू नये. खराट्याची एक हीर मातीत बोटभर खोल खुपसून दोन मिनिटांनी बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटून आली, तर पाणी घालू नये. ती जवळजवळ कोरडी आली तरच घालावे, आणि घालताना मात्र खालून वाहेपर्यंत घालावे. रोज वाटीभर पाणी शिंपडण्याच्या सवयीने वरची माती सतत ओली राहते आणि क्षार कुंडीतच साठत जातात. यंदाच्या गणपतीत या झाडावर फुले येतील असे आश्वासन मला देता येणार नाही, परंतु मुळांपैकी निम्मी जरी टणक निघाली, तरी झाड वाचण्याची आशा चांगली आहे.

प्रश्न : गुलाबासाठी मी आमच्या मळ्यातली काळी माती कुंड्यांत भरली होती. ती चिकट वाटली म्हणून तीन भाग मातीत एक भाग बांधकामाची वाळू मिसळली. आता परिस्थिती पूर्वीपेक्षा वाईट आहे. वाळल्यावर माती खुरप्यानेही फुटत नाही, आणि पाणी घातले की ते वरच उभे राहते किंवा कडेने झर्रकन खाली निघून जाते. जिप्सम घालावे असे एकांनी सुचवले आहे. काय करावे? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : वाळू कमी पडली म्हणून असे झाले आहे, आणि आणखी थोडी घालून ते सुधारणार नाही. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी वाळू असेल, तरच त्यांच्यामध्ये मोकळ्या पोकळ्या राहतात, आणि त्यासाठी मिश्रणात निम्म्याहून अधिक वाळू लागते. त्याहून कमी असेल तर प्रत्येक कण चिकणमातीत एकटा रुतून बसतो, त्याच्या भोवतीची जागा चिकणच भरून टाकते आणि वाळल्यावर घट्ट, कठीण गोळा तयार होतो. शिवाय बांधकामाची वाळू म्हणून आज जी मिळते ती बहुधा दगड फोडून केलेली एम-सँड असते. तिच्यात दगडाची भुकटी असते, आणि भिंतीला चांगली असलेली ही भुकटी कुंडीतल्या पोकळ्या बुजवण्याचे काम करते.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा. तिच्यातली चिकण पाणी शोषून फुगते, त्यामुळे पाऊस सुरू होताच तिच्या पोकळ्या आपोआप मिटतात. वाळताना तीच माती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. आपण जे कडेने झर्रकन जाणारे पाणी पाहिले, ते या फटीतून गेलेले आहे. मुळांना त्याचा लाभ झालेला नाही, आणि तळातून पाणी आलेले पाहून निचरा उत्तम आहे असा समज मात्र होतो. शेतात या मातीला खोली असते, भेगा असतात, पिकाची मुळे खोल जातात. कुंडीच्या फूटभर उंचीत तिचे हे गुण उपयोगी पडत नाहीत.

जिप्समविषयी सांगायचे तर ते चोपण जमिनीसाठी आहे. जिथे मातीत सोडियम वाढून तिचे कण विस्कटलेले असतात, तिथे जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कणांची रचना सुधारते. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी आपल्या भागात आहेत, आणि तिथे जिप्सम व चर यांचा उपयोग शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. आपली माती चोपण नसेल, तर जिप्सम घालून निचऱ्यात फरक पडणार नाही. ती चोपण असेल, तर गुलाबाच्या कुंडीसाठी ती मुळातच वापरू नये. शंका असल्यास मळ्याच्या माती परीक्षणात सामू (पीएच), क्षारता आणि सोडियम हे तिन्ही आकडे मागून घ्यावेत. बेळगाव जिल्ह्यातील अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाकडे किंवा तुक्कानट्टी व मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे याविषयी मार्गदर्शन मागता येईल.

सध्याच्या कुंड्या रिकाम्या करून ती माती परसात पसरावी. नव्या मिश्रणात काळी माती फार तर चौथा हिस्सा ठेवावी, तीही वाळवून, फोडून, दाणेदार करून. विटांचे तुकडे निम्मे घ्यावेत आणि उरलेला चौथा हिस्सा कुजलेल्या शेणखताचा असावा. काळी माती अन्नद्रव्ये धरून ठेवते, म्हणून ती थोडी असलेली गुलाबाला फायद्याचीच ठरते. साखर कारखान्याचे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, मिळत असेल, तर ते पूर्ण कुजल्याखेरीज वापरू नये. ताजे प्रेसमड कुजताना तापते आणि त्याचा बारीक चिकट अंश निचऱ्याच्या आड येतो.

प्रश्न : आमचे गाव जांबोटीच्या बाजूला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबतच नाही. आम्ही स्वतः पाणी घालतच नाही, तरी अंगणातल्या कुंड्यांतली अनंत, मोगरा आणि शेवंती दरवर्षी कुजतात. मातीच्या कुंड्या वापरूनही उपयोग झालेला नाही. मातीवर हिरवे शेवाळ येते आणि बारीक काळी चिलटे उडत असतात. (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आपल्या बाजूला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात अथणीकडे तो साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर असतो. त्यामुळे अथणीच्या गच्चीवर चालणारे मिश्रण आपल्या अंगणात चालणार नाही. आपण विटांच्या तुकड्यांचे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत नेले तरी हरकत नाही. खानापूर परिसरात कौलांचा आणि मातीच्या भांड्यांचा व्यवसाय जुना आहे. फुटकी कौले मिळत असतील, तर ती कुटून, चाळून त्यांचे तुकडे वापरावेत. भाजलेल्या मातीचा तुकडा स्वतःच्या आत थोडे पाणी शोषून ठेवतो आणि तुकड्यांमधली जागा मात्र हवेसाठी मोकळी सोडतो. गुळगुळीत खडीत हा गुण नसतो.

मातीची कुंडी चांगली, यात शंका नाही. पण तिच्या बाजूंमधून पाणी उडून जाते ते हवा कोरडी असताना. आठवडेच्या आठवडे धुके आणि झड असेल, तर बाजू बाहेरूनही ओल्याच राहतात आणि तिच्यात व प्लॅस्टिकच्या कुंडीत फारसा फरक उरत नाही. हिवाळा-उन्हाळ्यात मात्र तिचाच उपयोग अधिक आहे.

कुंड्या सर्वप्रथम पागोळ्यांखालून हलवाव्यात. छपराच्या सबंध उतारावरचे पाणी एका रेषेत जिथे पडते, तिथे ठेवलेल्या कुंडीला आभाळातून पडणाऱ्या पावसाच्या कित्येक पटींनी पाणी मिळते, आणि त्या माऱ्याने मातीतली भुकटी वर येऊन थर घट्ट होतो. व्हरांड्याच्या कडेला, उजेड मिळेल पण थेट पाऊस लागणार नाही अशी जागा मोगऱ्याला आणि शेवंतीला द्यावी. जागा अपुरी असेल, तर निवड करावी लागेल : अनंताला ओलावा आवडतो, तो चांगल्या मिश्रणात उघड्यावर काही प्रमाणात तग धरेल, शेवंती धरणार नाही.

ज्या कुंड्या बाहेरच राहणार आहेत, त्यांच्यासाठी दोन उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. झड असलेल्या दिवसांत कुंडी एका बाजूने विटेवर टेकवून तिरकी ठेवावी, आणि ठेवताना तळाचे भोक खालच्या अंगाला येईल असे पाहावे. कुंडी तिरकी झाली की तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापासून मातीच्या माथ्यापर्यंतची उंची वाढते आणि अडलेल्या पाण्याचा काही भाग बाहेर पडतो. आधीच्या उत्तरातल्या स्पंजाच्या प्रयोगामागचे कारण इथेही लागू पडते. दुसरा उपाय वातीचा. जुन्या पॉलिस्टर साडीची बोटभर रुंद पट्टी पिळून तिची दोरी करावी, ती भिजवावी आणि भोकातून काडीने ढकलत दोन-तीन इंच मातीत जाईल अशी बसवावी. तिचे दुसरे टोक कुंडीच्या बुडाखाली निदान चार-पाच इंच मोकळे लोंबत राहिले पाहिजे. मातीतले अडलेले पाणी या वातीवरून उतरत जाते आणि टोकाशी थेंब धरताना दिसतो. सुती वात काही आठवड्यांत कुजते, म्हणून पॉलिस्टर. लोंबते टोक जमिनीला किंवा साचलेल्या पाण्याला टेकले, तर मात्र काम होत नाही. उलट तीच वात पाणी वर ओढू लागते. म्हणून कुंडी पुरेशी उंच ठेवावी.

शेवाळ खुरप्याने खरवडून काढावे. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर वाढतात, म्हणून पावसाळ्यात कुंडीवर पाचोळ्याचे आच्छादन ठेवू नये. वरचा इंचभर थर नुसत्या विटांच्या तुकड्यांचा केला, तर तो लवकर वाळतो आणि चिलटे कमी होतात. प्लॅस्टिकचा कागद कुंडीच्या तोंडावर गुंडाळून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने पाऊस अडतो, पण हवाही अडते. कागद लावायचाच असेल, तर तो वर छपरासारखा ताणावा.

प्रश्न : दारातले तुळशी वृंदावन सिमेंटचे, विकत आणलेले आहे. त्याला तळाला भोकच नाही. रोज पूजेनंतर तांब्याभर पाणी घालतो. तुळस दर पावसाळ्यात जाते आणि दरवेळी मनाला लागते. (एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर : भोक नसलेल्या वृंदावनात कोणतेही मिश्रण टिकणार नाही, त्यामुळे आधी तेच करून घ्यावे. वृंदावन हलवता येत असेल तर तळाला, नाहीतर आतल्या तळाच्या पातळीवर दोन बाजूंना, बोट जाईल एवढी भोके गवंड्याकडून ड्रिल मशीनने पाडून घ्यावीत. वृंदावन फोडावे लागेल अशी भीती बाळगू नये. सावकाश पाडले तर तडा जात नाही. भोके पाडणे मनाला पटत नसेल, तर तुळस भोके असलेल्या वेगळ्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात विटेच्या तुकड्यावर ठेवावी आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत तेवढी उचलून आडोशाला न्यावी. मग खाली साचलेले पाणी काढून टाकणेही सोपे जाते.

पूजेचे पाणी बंद करावे असे मी सांगणार नाही. पावसाळ्यात पळीभर पाणी तुळशीला वाहावे आणि तांब्यातले उरलेले परसातल्या झाडाला घालावे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हिरीची परीक्षा करून तांब्याभर पाणी पुन्हा सुरू करता येईल. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडत जाव्यात. बी धरू दिले, तर झाड निबर होऊन लवकर संपते, आणि ते गेल्याचा दोष मग उगाच पाण्यावर जातो.

प्रश्न : कुजलेल्या मुळांवर औषध म्हणून दुकानदाराने कॉपर ऑक्सिक्लोराइड दिले आहे आणि सोबत ट्रायकोडर्माची पुडीही दिली आहे. दोन्ही एकदम घातले तर माती न बदलता चालेल का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : माती न बदलता चालणार नाही. बुरशीनाशक रोग थोपवते, पण मुळांना हवा देऊ शकत नाही, आणि हवा नसेल तर नवी मुळे फुटल्या फुटल्या पुन्हा कुजतात. कुजलेली मुळे कापून नव्या मिश्रणात लागवड केल्यावर, शोभेच्या झाडांसाठी, लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते एकदा मातीत ओतावे. हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नये. तुळस, कढीपत्ता, पुदिना अशा खाण्यातल्या झाडांना ते घालू नये. त्यांना ट्रायकोडर्माच बरे.

दोन्ही एकदम मात्र घालू नयेत. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपयुक्त बुरशी आहे आणि बुरशीनाशक तिलाही मारू शकते. कॉपर ऑक्सिक्लोराइड दिलेच असेल, तर त्यानंतर निदान दोन आठवडे थांबावे आणि मग ट्रायकोडर्मा ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ते आठवडाभर सावलीत झाकून ठेवून, कुंडीच्या वरच्या थरात मिसळावे. पुडीवरची मुदत पाहून घ्यावी, कारण मुदत संपलेल्या पुडीत जिवंत बुरशी फारशी उरत नाही, आणि दुकानात ती उन्हात ठेवलेली असेल तर मुदतीच्या आतही घेऊ नये.